दाखल रजिस्टरपासून बारकोडपर्यंत: छोट्या ग्रंथालयाचं कमी खर्चातलं संगणकीकरण

कार्यकारिणीच्या सभेत संगणकीकरणाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सॉफ्टवेअर केवढ्याला पडेल?" उत्तर सोपं आहे. चांगली सॉफ्टवेअरं फुकट मिळतात. वेळ आणि पैसा जातो तो पुस्तकांच्या नोंदी भरण्यात, आणि त्याचा अंदाज सभेत कुणीच बांधलेला नसतो. मग संगणक येतो, स्कॅनर येतो, उद्घाटनाचा फोटो पेपरात छापून येतो आणि वर्षभरानं त्या संगणकावर फक्त अनुदानाचे अर्ज टाइप होत असतात.

कोल्हापूरला ग्रंथालयं नवी नाहीत. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं, आणि देशातला पहिला ग्रंथालय कायदाही कोल्हापूर संस्थानानंच १९४५ मध्ये केला. महाराष्ट्राचा कायदा त्यानंतर बावीस वर्षांनी, १९६७ साली आला. पण हा लेख शहरातल्या मोठ्या ग्रंथालयांसाठी नाही. कागल, शिरोळ, राधानगरी, गडहिंग्लजकडच्या एखाद्या गावात तीन ते आठ हजार पुस्तकं असलेलं वाचनालय चालवणाऱ्या, एक ग्रंथपाल आणि फार तर एक शिपाई असलेल्या मंडळींसाठी आहे. शाळेच्या किंवा तालमीच्या वाचनालयालाही यातलं बहुतेक लागू पडेल.

आधी रजिस्टर, मग संगणक

दाखल रजिस्टर, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देऊन नोंद केलेली वही, टेबलावर घ्या आणि एक कपाट निवडा. त्या कपाटातलं प्रत्येक पुस्तक काढून रजिस्टरातल्या नोंदीशी ताडून बघा. एका कपाटातच बरंच काही कळतं: एकाच दाखल क्रमांकाची दोन पुस्तकं, रजिस्टरात असून कपाटात नसलेली, कपाटात असून रजिस्टरात नसलेली, पूर्वीच बाद केलेली पण 'बाद' असा शेरा न मारलेली. बालविभागाचे क्रमांक कुणीतरी पुन्हा एकपासून सुरू केलेले असतात, तेही इथंच सापडतं.

हा गोंधळ तसाच संगणकात गेला तर तो पक्का होतो, कारण सॉफ्टवेअर एका क्रमांकाला एकच पुस्तक मानतं. म्हणून दुहेरी क्रमांक आधी मोडा. सोपी युक्ती म्हणजे सगळे क्रमांक सहा आकडी करा: मुख्य विभाग १ पासून सुरू होणारा, बालविभाग २ पासून, संदर्भ ३ पासून. म्हणजे जुना ४५२ क्रमांक मुख्य विभागात १००४५२ होईल आणि बालविभागातला ४५२ होईल २००४५२. जुना क्रमांक पुस्तकावर आणि रजिस्टरात तसाच राहू द्या, नव्याची नोंद शेजारी करा. 'बा-४५२' असं लिहायचा मोह आवरा. बाजारात सर्रास चालणाऱ्या पट्टीच्या बारकोडमध्ये देवनागरी अक्षरं बसत नाहीत, देवनागरी आकडेही नाहीत. क्रमांक इंग्रजी आकड्यांतच हवा.

बाद करायची पुस्तकं याच वेळी बाद करा. वाळवी लागलेलं, पानं गळालेलं पुस्तक संगणकात भरायला तेवढेच कष्ट पडतात जेवढे चांगल्याला. मात्र बाद करण्याचा ठराव कार्यकारिणीत रीतसर मंजूर करून घ्या. तपासणीच्या वेळी तोच कागद विचारला जातो.

नोंदी कशा भरायच्या

सॉफ्टवेअर अजून निवडू नका. साध्या एक्सेलमध्ये किंवा गूगल शीटमध्ये सुरुवात करा. रकाने पुरेत तेवढेच: दाखल क्रमांक, दाखल तारीख, शीर्षक, लेखक, प्रकाशक, वर्ष, पृष्ठं, किंमत, वर्गांक (विषयाचा क्रमांक), पुस्तक प्रकार, शेरा. पुढं कुठलंही सॉफ्टवेअर घेतलं तरी ही शीट त्यात ओतता येते, आणि काहीच घेतलं नाही तरी शोधायला कामाला येते.

वेळेचा हिशेब असा धरा. हात बसलेला माणूस तासाला पंधरा-वीस पुस्तकं भरतो. पाच हजार पुस्तकांना तासाला पंधरानं तीनशे तेहतीस तास लागतात. दोघांनी रोज दोन-दोन तास काढले तर तीन महिन्यांच्या आत काम उरकतं. एकट्या ग्रंथपालानं काउंटर सांभाळून करायचं म्हटलं तर वर्ष जाईल. म्हणून मदत शोधा. शिवाजी विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राचा विभाग आहे, तिथल्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कामाचा अनुभव हवाच असतो. जवळच्या कॉलेजची एनएसएसची मुलंही येतात. फक्त त्यांना चहा द्या आणि भरलेल्या नोंदींतल्या दर दहांतली एक स्वतः तपासा.

सगळं भरून झाल्यावरच देवघेव सुरू करायची, असं मनात धरू नका. कुठल्याही वाचनालयात ठरावीक पुस्तकंच सारखी फिरत असतात. त्यामुळं आधी परत आलेलं पुस्तक भरा, मग कपाटात ठेवा. काही महिन्यांत फिरणारी बहुतेक पुस्तकं संगणकात आलेली असतात, आणि कोपऱ्यातली जुनी वार्षिकं सवडीनं घेता येतात.

आता मराठी टायपिंगचा खास त्रास. तो नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं शोधणं यावर अवलंबून आहे.

युनिकोडमध्येच, म्हणजे मोबाइलवर आणि इंटरनेटवर सगळीकडे वाचता येणाऱ्या मराठी अक्षरांतच, टाइप करा. डीटीपीवाल्याकडून जुन्या फाँटमध्ये टाइप करून घेतलेली यादी छापायला छान दिसते, पण सॉफ्टवेअरमध्ये तिची इंग्रजी अक्षरांची भेळ होते. अशी यादी असेल तर फाँट कन्व्हर्टरनं बदला आणि मग जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला, विशेषतः रफार आणि 'क्ष', 'ज्ञ'.

युनिकोडमध्येही एक खोड आहे. 'ॲ' एकाच अक्षरानं टाइप होतो, किंवा 'अ' लिहून त्यावर चंद्र देऊन. दिसायला दोन्ही सारखेच, संगणकाला मात्र वेगळे. तिसरं 'ऍ' आहेच. 'दऱ्या'मधला अर्धा र सुद्धा दोन तऱ्हांनी उमटतो. मोबाइलवर भरणारा एक प्रकारे लिहितो, संगणकावर भरणारा दुसऱ्या प्रकारे, आणि 'ॲडव्होकेट' शोधल्यावर निम्मी पुस्तकं सापडत नाहीत. उपाय साधा आहे. सगळ्यांनी एकच कीबोर्ड वापरायचा आणि शेवटी शीटमध्ये 'फाइंड अँड रिप्लेस' करून सगळं एका रूपात आणायचं.

लेखकाचं नाव आडनाव आधी, मग आद्याक्षरं: 'पाटील, ग. वि.' टिंबानंतर जागा सोडायची की नाही, हे पहिल्या दिवशी ठरवा आणि कागदावर लिहून भिंतीला लावा. 'पाटील, ग.वि.', 'पाटील ग वि' आणि 'ग. वि. पाटील' हे संगणकाच्या लेखी तीन वेगळे लेखक असतात.

वर्गीकरणात ड्यूई दशांश पद्धत पाळत असाल तर मराठी साहित्याचा वर्गांक ८९१.४६. त्यापुढं १ लावला की कविता, २ नाटक, ३ कथा-कादंबरी. छोट्या वाचनालयाला एवढं बहुतेक वेळा पुरतं. सभासद '८९१.४६३' शोधत येत नाही, 'कादंबऱ्या कुठं आहेत' विचारतो. म्हणून शीटमधला 'पुस्तक प्रकार' हा रकाना प्रामाणिकपणे भरा.

काही जण विचारतील, आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक, टाकला की माहिती आपोआप येत नाही का? नव्या इंग्रजी पुस्तकांची येते. जुन्या मराठी पुस्तकांवर आयएसबीएन नसतोच बऱ्याचदा. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या नोंदी फुकट उतरवून घेता येतात, पण त्यातल्या मराठी पुस्तकांच्या नोंदी मुख्यतः रोमन लिपीत असतात, अक्षरांवर रेघा-टिंबं दिलेल्या. गावातल्या वाचकाला त्याचा उपयोग नाही. हातानं भरणं चुकत नाही.

दिवाळी अंकांना हे सगळे रकाने लावत बसू नका. नाव, वर्ष, किंमत आणि बारकोड, एवढंच. त्यांची खरी मागणी दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत. तेवढ्या काळात ते झटपट फिरले पाहिजेत. त्यांना वेगळा प्रकार देऊन मुदत कमी ठेवा, समजा चार दिवस.

सॉफ्टवेअर कुठलं

पुस्तकं दोन हजारांच्या आत आणि सभासद शंभराच्या आत असतील तर शीटवरच थांबा. कुणी काहीही सांगो. एक शीट पुस्तकांची, एक सभासदांची, एक देवघेवीची. तेवढ्यावर काम चालतं.

त्याहून मोठं असेल तर माझी पहिली पसंती स्लिम्सला. हे इंडोनेशियात तयार झालेलं मुक्त सॉफ्टवेअर पीएचपी आणि मायएसक्यूएल या फुकट प्रणालींवर चालतं. विंडोजच्या साध्या संगणकावर या दोन्ही एकत्र देणारं एक्झॅम्प (XAMPP) हे फुकट पॅकेज टाकून ते बसवता येतं आणि रोजच्या वापराला इंटरनेट लागत नाही. देवघेव, सभासद कार्ड, बारकोड छपाई, ग्रंथ पडताळणी, सगळं आतच आहे. तुमची शीट सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) करून त्यात भरता येते. पडद्यावरच्या सूचना इंग्रजीत असतात, पण काउंटरवर रोज लागणारी बटणं मोजकीच. नवा माणूस दोन दिवसांत शिकतो.

कोहा हे जास्त ताकदीचं. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रामीण ग्रंथालय संस्थेसाठी १९९९ मध्ये ते लिहायला घेतलं आणि जानेवारी २००० पासून ते वापरात आहे. आज जगभरची विद्यापीठं ते वापरतात. सभासदाच्या प्रकारानुसार आणि पुस्तकाच्या प्रकारानुसार वेगळे नियम, सुट्ट्यांचं कॅलेंडर, घरबसल्या शोधता येणारी सूची, सभासदानं स्वतःच पुस्तक नोंदवून घ्यायचं पान, असं सगळं त्यात आहे. पण ते लिनक्सवर चालतं, नोंदी मार्क २१ या ग्रंथालयांच्या ठरलेल्या आंतरराष्ट्रीय साच्यात मागतं, म्हणजे तुमची शीट आधी मार्कएडिटसारख्या साधनातून काढावी लागते. लिनक्सची माहिती असलेला माणूस हाताशी असेल, किंवा तालुक्यातली चार-पाच वाचनालयं मिळून एक सर्व्हर आणि एक तंत्रज्ञ ठेवणार असतील, तरच कोहा घ्या. तशी जमवाजमव झाली तर मात्र कोहाला तोड नाही, कारण एकाच सूचीत पाचही गावांची पुस्तकं दिसतात.

आणखी दोन सॉफ्टवेअरं आहेत: ई-ग्रंथालय हे एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचं, सोल हे विद्यापीठांच्या ग्रंथालयांसाठी काम करणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं. सोल कॉलेजांमध्ये जास्त चालतं. ई-ग्रंथालय मुख्यतः सरकारी ग्रंथालयांसाठी आहे. तुमच्या संस्थेला मिळेल का, हे जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात विचारा. राजा राममोहन रॉय लायब्ररी फाउंडेशनच्या योजनांतून संगणकासाठी मदत मिळण्यासारखी आहे का, हेही तिथंच विचारून घ्या, एका हेलपाट्यात दोन कामं होतील.

विकत सॉफ्टवेअर घ्यायचंच असेल तर विक्रेत्याला तीन गोष्टी लेखी मागा. आमच्या सगळ्या नोंदी सीएसव्हीत किंवा मार्कमध्ये केव्हाही काढून देणार का? मुख्य पासवर्ड आमच्याकडे राहणार का? वार्षिक देखभाल थांबवली तर सॉफ्टवेअर चालू राहणार की बंद पडणार? तिसऱ्या प्रश्नावर विक्रेता घुटमळला तर चहा पाजून पाठवून द्या.

यंत्रसामग्री

नवा डेस्कटॉप नको. जुना, पण चार जीबी रॅमचा लॅपटॉप घ्या आणि त्यात एसएसडी (वेगवान डिस्क) बसवा. लॅपटॉपची बॅटरी हाच यूपीएस. लाइट गेली म्हणून अर्धवट नोंद उडत नाही.

बारकोड स्कॅनर साधा तारेचा, यूएसबीचा. कोल्हापुरात राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत हजार-दीड हजारापासून मिळतो. मोबाइलच्या पडद्यावरचा कोड किंवा क्यूआर वाचायचा असेल तर टूडी इमेजर लागतो, तो महाग. घेण्याआधी दुकानातच नोटपॅड उघडून एखाद्या बिस्किटाच्या पुड्यावर मारून बघा: आकडे उमटले आणि कर्सर खालच्या ओळीत गेला पाहिजे. नाही गेला तर स्कॅनरसोबतच्या पुस्तिकेत 'एंटर'चा एक बारकोड असतो, तो एकदा स्कॅन केला की काम होतं.

संगणकाच्या दृष्टीनं स्कॅनर म्हणजे कीबोर्डच. त्यामुळं काउंटरवर कीबोर्ड मराठीत असताना स्कॅन केलं की देवनागरी आकडे किंवा भलतीच अक्षरं उमटू शकतात, आणि पुस्तक 'सापडत नाही'. नव्या माणसाची निम्मी तक्रार हीच असते. स्कॅन करण्याआधी कीबोर्ड इंग्रजीत आणा.

लेबलांसाठी वेगळा प्रिंटर नको. ए४ स्टिकर शीटवर ६५ लेबलं बसतात; लेझर प्रिंटरवर छापून घ्या. इंकजेटची शाई आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात पसरते. दुकानातल्या बिलांसारखा थर्मल कागदही नको, तो पुसट होतो. बारकोडसाठी कोड १२८ ही पद्धत निवडा, थोड्या जागेत बसते. कोड ३९ चालतो, पण पट्टी लांब होते.

लेबल कुठं लावायचं यावर मात्र नीट विचार करा. आपल्या वाचनालयांत पुस्तक वर्ष-दोन वर्षांत बाइंडरकडे जातं, मूळ कव्हर निघतं आणि रेक्झिन चढतं. बारकोड कव्हरवर असेल तर तो कव्हराबरोबरच जातो. म्हणून दोन लेबलं छापा: एक मुखपृष्ठाच्या आतल्या शीर्षक पानामागं कायमचं, दुसरं बाहेर मागच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात, झटपट स्कॅन करायला. पाच हजार पुस्तकांना दहा हजार लेबलं, म्हणजे साधारण १५४ शीट. बाहेरच्या लेबलावर पारदर्शक लेबल प्रोटेक्टर लावा. साधी सेलोटेप काही वर्षांत पिवळी पडते आणि कडा सुटतात.

आरएफआयडीचं, म्हणजे रेडिओ लहरींनी वाचल्या जाणाऱ्या टॅगचं, काय? प्रदर्शनात बघायला देखणं असतं. पण टॅगचा खर्च प्रत्येक पुस्तकामागं, शिवाय रीडर, गेट, किऑस्क मिळून रक्कम लाखांच्या घरात जाते. ज्या काउंटरवर संध्याकाळी एका वेळी चार माणसं उभी असतात, तिथं त्याची गरज नाही. स्वयंसेवा काउंटर हवाच असेल तर कोहाच्या त्या पानाला एक जुना संगणक आणि दुसरा स्कॅनर जोडा. सभासद आपलं कार्ड स्कॅन करतो, पुस्तक स्कॅन करतो आणि परतीची तारीख पडद्यावर वाचतो. शाळेत हे मुलांना भलतं आवडतं. गावात मात्र सभासद ग्रंथपालाशी दोन शब्द बोलायलाच आलेला असतो, हे ध्यानात घ्या.

सभासद, नियम आणि पहिला महिना

सभासदांच्या नोंदीत नाव, पत्ता, फोन, अनामत, वर्गणी कुठपर्यंत भरली, एवढं पुरे. आधार क्रमांक भरू नका. गरज नसलेली माहिती साठवली की ती सांभाळायची जबाबदारी येते, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर ती गमतीची बाब राहिलेली नाही. कार्ड छापताना त्यावर फोटो नसला तरी चालेल, बारकोड मात्र हवा. बरेच सभासद कार्ड घरीच विसरतात. त्यांच्यासाठी कार्डांच्या दुसऱ्या प्रती वर्णक्रमानं लावलेली एक फाइल काउंटरवर ठेवा.

मुदत, दंड, एका वेळी किती पुस्तकं, हे नियम संगणकात जाण्याआधी कार्यकारिणीकडून ठरावानं घ्या. साप्ताहिक सुट्टी आणि सणांच्या सुट्ट्या कॅलेंडरमध्ये वर्षाच्या सुरुवातीलाच टाका, नाहीतर गुढीपाडव्याच्या दिवसाचाही दंड लागेल आणि सभासद काउंटरवर भांडेल.

मुदत संपल्याचे एसएमएस आपोआप पाठवण्याच्या भानगडीत पडू नका. त्यासाठी डीएलटी नोंदणी (असे एसएमएस पाठवणाऱ्या संस्थेनं टेलिकॉम कंपन्यांकडे करायची), मंजूर मजकूर वगैरे सोपस्कार आहेत. आठवड्यातून एकदा थकबाकीची यादी काढून व्हॉट्सॲपवर स्वतः निरोप धाडला तरी पुस्तकं परत येतात.

पहिला महिना दोन्ही चालवा: वहीतही लिहा आणि संगणकातही. रोज बंद करताना दोन्हीकडची दिलेली-घेतलेली पुस्तकं जुळतात का बघा. आकडे सलग पंधरा दिवस जुळले की देवघेवीची वही थांबवायचा विचार करा. दाखल रजिस्टर आणि तपासणीत बघितली जाणारी बाकीची रजिस्टरं मात्र जिल्हा ग्रंथालय कार्यालयाला विचारल्याशिवाय बंद करू नका. संगणकाचा छापील अहवाल चालतो का, कुठल्या नमुन्यात, हे लेखी विचारा आणि उत्तर फाइलला लावा.

बॅकअप आणि पावसाळा

स्लिम्समध्ये बॅकअपचं बटण आहे. रोज काउंटर बंद करताना दाबा. ती फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि गूगल ड्राइव्हवरही चढवा. पेनड्राइव्ह वाचनालयातच लॅपटॉपशेजारी ठेवला तर त्याचा काही उपयोग नाही. तो ग्रंथपालाच्या किंवा कार्यवाहांच्या घरी जायला हवा.

२०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर हे कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. नदीकाठच्या गावातल्या वाचनालयानं नियमच करावा: राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की त्याच दिवशी बॅकअप घ्यायचा, लॅपटॉप, स्कॅनर आणि दाखल रजिस्टर वरच्या मजल्यावर किंवा उंचावरच्या घरी न्यायचं. ४३ फुटांची, म्हणजे धोका पातळीची, वाट बघायची नाही, कारण तोवर काही गावांचे रस्ते बंद झालेले असतात. रजिस्टराच्या पानांचे फोटो मोबाइलनं एकदा काढून ठेवा, तेही ड्राइव्हवर चढवा.

पूर ओसरल्यावर सगळ्यांच्या परतीच्या तारखा उलटून गेलेल्या असतात. कोहामध्ये मुदती एकगठ्ठा पुढं ढकलायची सोय आहे. स्लिम्समध्ये तेवढ्या काळाच्या सुट्ट्या कॅलेंडरात टाका आणि तरीही लागलेला दंड हातानं माफ करा.

मे महिन्याच्या शेवटी, पाऊस सुरू व्हायच्या आधी, बॅकअपची फाइल दुसऱ्या कुणाच्या तरी लॅपटॉपवर उघडून बघा. पाच-सहा सभासदांच्या नावावरची पुस्तकं बरोबर दिसतात का, देवनागरी नीट उमटते का, हे तपासा. प्रश्नचिन्हं दिसली तर बॅकअप युनिकोडमध्ये निघत नाही असं समजा आणि पाऊस लागायच्या आधी ते दुरुस्त करून घ्या.